सामाईक चूक

श्रीकृष्ण कोरान्ने यांच्या तोंडून कोणाचं नाव काढणं म्हणजे दगडातून तेल काढणं. मतलब, चांगल्या कामात ते सगळ्यांची नावं घ्यायचे, चहावाल्याचंसुद्धा. पण काही बिघडलं की एकच वाक्य, "चूक झाली." कोणाची झाली, कोणी केली, ते मुळीच नाही. मी पडलो लिफ्टचा मेकॅनिक. आमच्या धंद्यात असं चालत नाही. वायर कोणी उघडी सोडली ते कळलं पाहिजे, नाहीतर उद्या तोच गाढव पुन्हा सोडेल आणि हात माझा भाजेल. मी जाम चिडायचो. "श्रीकृष्णजी, चूक काय आभाळातून पडते का? नाव सांगा ना!" तर हे चष्मा पुसत म्हणायचे, "देवेंद्र, अरे झाली ना आता. आपली सगळ्यांची समज." डोकं आपटायचं आणि चहा प्यायचा.

आमचं ऑफिस इंदूरला, भंवरकुआंच्या एका गल्लीत, कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर. खाली पोरं दिवसभर गणिताची सूत्रं घोकत असतात, वर आम्ही शहरातल्या चाळीसेक लिफ्टा सांभाळतो. मेकॅनिक आम्ही तिघं-चौघं, आणि डेस्कवर कोरान्ने. वय पन्नाशीच्या पुढे, बारीक अंग, हाफ शर्ट कायम इस्त्रीचा. डब्यात वरणभात, आणि वरणभातावर मूठभर सेव. लग्न केलं नाही. शहराबाहेर राऊला एका इमारतीत चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता, तिथे ते आणि त्यांची आई. तिथली लिफ्टही आमच्याकडेच. आजोबा होळकरांच्या दरबारी कारकून होते, वडील बँकेत, आणि हे आमच्या कंपनीत. कागद गेले, कॉम्प्युटर आला, पण बसणं तेच, असं ते स्वतःच सांगून हसायचे.

आता त्यांचं काम समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. आमच्या लिफ्टांची कंट्रोल पेटी जुनी. ती बोलते फक्त जुन्या टर्मिनलशी, मतलब काळा पडदा, हिरवी अक्षरं, तो डबा. तसले डबे केव्हाच भंगारात गेले. म्हणून कॉम्प्युटरवर त्याची हुबेहूब नक्कल करणारा एक प्रोग्राम टाकला होता. लिफ्टला वाटतं आपण जुन्या दोस्ताशी बोलतोय, आणि इथे बसलेले असतात कोरान्ने. दर लिफ्टमागे एक खिडकी, तिला म्हणायचं सेशन. आणि त्या नकलेच्या प्रोग्रामात आपले स्वतःचे छोटे प्रोग्राम लिहायची सोय होती, दर लिफ्टला एक. ते सगळे कोरान्न्यांनी एकट्याने लिहिले.

त्यात एक भानगड होती, ती त्यांनी मला चहा पिता पिता समजावली होती. लिफ्टमध्ये काही गडबड झाली की प्रोग्राम एक आकडा एका डबीत टाकतो. त्या डबीचं नाव प्रोग्रामच्या अगदी वर लिहून जाहीर करावं लागतं. नुसतं नाव लिहिलं तर दर प्रोग्रामची डबी आपापली, खाजगी. एकाची दुसऱ्याला दिसत नाही. पण नावापुढे एक शब्द जोडला, सामाईक, तर सगळ्यांची मिळून एकच डबी.

आधी त्यांनी आपापल्याच ठेवल्या होत्या. महिना-दीड महिना डेस्कवर एकही गडबड आली नाही. मालक खूश, कोरान्ने खूश, मी म्हटलं वा, लिफ्टा सुधारल्या. कसल्या सुधारतात! एका हॉटेलात लग्नाचं वऱ्हाड लिफ्टमध्ये लटकलं, नवरीची मावशी बेशुद्ध पडली, आणि आमच्या पडद्यावर सगळं ठीक. आकडा होता, पण त्या प्रोग्रामच्या खाजगी डबीत गपचूप बसून होता. डेस्कवरच्या मुख्य प्रोग्रामला त्याचा पत्ताच नाही. मालकाने आम्हा सगळ्यांची बिनपाण्याने केली. त्या दिवशी कोरान्न्यांनी चाळीसच्या चाळीस प्रोग्रामांत तो शब्द घातला. डबीचं नाव ठेवलं 'चूक'.

"सामाईक चूक," मला म्हणाले, "आमच्या आईचं घर आहे बघ हे."

मी विचारलं, म्हणजे? तर सांगायला लागले. लहानपणी घरात कंदिलाची काच फुटली, लोणच्याची बरणी सांडली, की वडील छडी घेऊन उभे, कोणी केलं बोला. चार भावंडं भिंतीला चिकटून. आणि आई स्वयंपाकघरातून येऊन म्हणायची, चूक झाली. घराची झाली. नाव कोणाचं घ्यायचं नाही. वडील रागाने थरथरायचे, पण छडी खाली जायची. सांगताना कोरान्न्यांचे डोळे भरून आले. मलाही बरं वाटलं, खोटं का बोला. आमच्या घरी तर चूक कोणाचीही असो, मार माझ्याच पाठीवर.

कुमुदिनीकाकूंना मी ओळखत होतो. राऊच्या घरी जेवायला गेलो होतो. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, उभ्या अंगाची बाई, आवाज असा की अजून वर्ग गप्प बसेल. पण हल्ली त्यांना विसर पडायला लागला होता. साखर समजून मीठ, सकाळ समजून संध्याकाळ. म्हणून कोरान्न्यांनी घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, मोठ्या अक्षरांत. 'हे मीठ.' 'गॅस बंद.' 'आज कृष्णा उशिरा येणार.' काकू हातातला डबा धरून आधी चिठ्ठी वाचायच्या, बोट फिरवत, मग उघडायच्या. मी सहज म्हटलं, काकू, चिठ्ठी चुकीची निघाली तर? तर माझ्याकडे असं बघितलं की मी चवथीत परत गेलो. "माझ्या मुलाने लिहिलंय," म्हणाल्या. बस, विषय संपला.

आता पलासियाची गोष्ट.

पलासियाला एका क्लिनिकवाल्या इमारतीत आमची सगळ्यात पहिली लिफ्ट. त्या लिफ्टमध्ये कोणीतरी असायचं. म्हणजे नसायचं, पण असायचं. आमच्या आकड्यांत सात म्हणजे आत माणूस अडकलाय, लाल बटण दाबतोय. पडद्यावर यायचं, पलासिया, सात. मी बाईक दामटत जायचो, त्या ट्रॅफिकमधून शिव्या खात आणि देत. दार उघडावं तर आत कोणी नाही. पंखा फिरतोय, दिवा जळतोय, जमीन कोरडी. मी फोनवर सांगायचो, कोरान्ने डेस्कवरून शून्य टाकायचे. शून्य म्हणजे आत कोणी नाही. ते टाकलं की दर मजल्यावर दाराबाहेर जो छोटा बोर्ड असतो, त्यावर लाल अक्षरं यायची, 'अंदर कोई नहीं'. लोकांनी घाबरू नये म्हणून. आतून बटण दाबलं तर बोर्डावर काही येत नाही, डेस्कवरून टाकलेलंच येतं; तिथून सात टाकला तर 'अंदर कोई है'. झालं, प्रकरण मिटलं, आणि आठवड्याने पुन्हा तेच.

सेन्सर बदलला, बटण बदललं, अख्खी पेटी बदलली. सात काही जाईना. तिथला चौकीदार विजय म्हणाला, "भिया, ऊपर क्लिनिक है। कोई बीच रास्ते में ही निकल गया होगा।" त्याने लिफ्टच्या दारात अगरबत्ती लावायला सुरुवात केली. मी त्याला हसलो. पण एकदा मी आत उभा राहून फोन लावला, म्हटलं, "श्रीकृष्णजी, आता काय दिसतंय?"

"सात."

"अहो मग मीच आहे की आत! मीच ना?"

मग हळूच म्हणाले, "नाही रे. तू पोचायच्या आधीपासून आहे."

मी दोन पावलांत बाहेर. नंतर त्या लिफ्टमध्ये मी कधी पाठ करून उभा राहिलो नाही. हसायचं असेल तर हसा. उभे राहून बघा आधी.

मग आली रंगपंचमी. अख्खं इंदूर गेरमध्ये, मतलब रंगाच्या मिरवणुकीत, राजवाड्याकडे. दुकानं बंद, क्लिनिक बंद, कोचिंग बंद. डेस्कवर कोणीतरी बसायला हवं होतं. ड्युटी खरं तर आमच्यातल्या सुजय मेकॅनिकची होती. तो तोंड पाडून उभा, तर कोरान्ने म्हणाले, जा बाबा, खेळ रंग, मी बसतो. आईला सांगून आलोय, दुपारी परत येतो म्हणून. तशी चिठ्ठीही लावली आहे. इमर्जन्सीला धावायचं माझ्या वाट्याला आलं. माझं तोंडही पडलेलं होतं, पण माझ्यासाठी कोणी आपणहून बसेना.

दुपारच्या उन्हात फोन आला. "देवेंद्र, पलासिया. सात."

"ते भूत पण रंग खेळायला आलंय वाटतं," मी म्हटलं, पण निघालो. रस्ते लाल, हिरवे, ओले, आणि रिकामे. कुत्रीसुद्धा गुलाबी झालेली. इमारतीत विजय नव्हता, गेरला गेला होता. एवढी मोठी इमारत आणि आत मी एकटा. दूरवरून ढोल ऐकू येत होते, खूप लांबून. मी दार उघडलं. रिकामी. फोनवर सांगितलं, त्यांनी शून्य टाकलं, बोर्डावर लाल अक्षरं आली. मी जिन्यावर बसून बाटलीतलं पाणी प्यायलो.

फोन वाजला. "पुन्हा सात."

"मी समोरच बसलोय हो! माशी गेली नाही आत."

"बघ एकदा."

बघितलं. कोणी नाही. शून्य. अक्षरं आली. मी शिवी हासडली आणि बाईककडे निघालो, तर पुन्हा फोन. यावेळी कोरान्न्यांचा आवाज वेगळा होता. "देवेंद्र, कोणीतरी सारखं सारखं दाबतंय. आधी जोरजोरात दाबत होतं. आता थांबून थांबून दाबतंय."

हे ऐकलं आणि माझं टाळकंच फिरलं. भीती म्हणा, राग म्हणा, दोन्ही एकदमच आलं. म्हटलं आज याचा निकालच लावतो. वर गेलो, मेन स्विच पाडला. पंखा बंद, दिवा बंद, बोर्ड काळा. खाली येऊन पेटी उघडली आणि जी वायर आमच्या ऑफिसपर्यंत बोलते ती उपटून हातात घेतली. टोक माझ्या मुठीत, तांबं दिसतंय.

"आता सांगा," मी म्हटलं. "लिफ्ट मेली. वायर माझ्या हातात आहे. काय दिसतंय?"

मी त्या काळ्या लिफ्टच्या उघड्या दारासमोर उभा, घामाने भिजलेला, आणि मला आत बघवेना.

"सात," कोरान्ने म्हणाले. "पलासिया. सात."

देवा शप्पथ सांगतो, मी रामरक्षा आठवायला लागलो, आणि आठवेना. एवढ्यात फोनमधून त्यांचा आवाज आला, अगदी साधा, हिशेब सुटल्यासारखा.

"देवेंद्र, ती चूक तुझ्या लिफ्टची नाही. दुसऱ्या कोणाची तरी आहे."

"म्हणजे?"

"डबी एक आहे रे. चाळीस जण तिच्यात टाकतात. आकडा कोणी टाकला ते मी कुठे लिहूनच घेतलं नाही. मग आकड्याला नाव कोणाचं लागतं? पडद्यावर जे सेशन सगळ्यात पुढे, त्याचं. आणि सगळ्यात पुढे कायम पहिलंच असतं. पलासिया."

मला समजायला थोडा वेळ लागला. आणि समजलं तेव्हा भूतच बरं होतं असं वाटलं. जेव्हा जेव्हा पलासियाला कोणी नव्हतं, तेव्हा शहरात दुसरीकडे कोणीतरी खरंच अडकलं होतं. बाकी वेळी लोकांनी आपणच दार ओढून उघडलं असेल, शेजाऱ्यांना हाका मारल्या असतील, वीज आली असेल. कोणी त्याचा पलासियाशी संबंध जोडला नाही. पण आज शहरात घरी कोण होतं?

"कुठली लिफ्ट आहे?" मी ओरडलो.

"तेच तर डबीत नाही," ते म्हणाले.

मग ते एकेक सेशन बंद करायला लागले. ज्याचं सेशन बंद केल्यावर सात यायचं थांबेल, ती लिफ्ट. मला फोनमधून बटणांचा आवाज येत होता, आणि ते नावं पुटपुटत होते. हॉटेल, नाही. नर्सिंग होम, नाही. तो हॉस्टेलवाला, नाही. दर वेळी थांबायचं, बघायचं, सात आला की पुढे. किती वेळ गेला कोण जाणे. मी वायर तशीच हातात धरून उभा होतो. राऊची त्यांनी सगळ्यात शेवटी ठेवली होती. मुद्दाम का, ते मी कधी विचारलं नाही.

"राऊ," ते म्हणाले. बटणाचा आवाज आला. मग काहीच नाही.

"श्रीकृष्णजी?"

"थांबलं," ते म्हणाले. लगेच त्यांनी बंद केलेली सगळी सेशन पुन्हा चालू केली, आणि दुसऱ्या फोनवरून घरी लावलं. मला ऐकू येत होतं, घंटा जातेय, जातेय, जातेय. कोणी उचललं नाही.

मी बाईक कशी चालवली मला ठाऊक नाही. कोरान्ने भंवरकुआंच्या चौकात रस्त्यातच येऊन उभे होते, लॅपटॉपची बॅग छातीशी धरून. मागे बसले. शेजाऱ्यांना फोन लावून झाला होता, सगळे गेरला. इमारतीचा चौकीदारही गायब. मी म्हटलं, घाबरू नका, लिफ्टमध्ये माणूस गुदमरत नाही, हवा असते, काकू खमक्या आहेत. राजेंद्रनगर मागे पडलं तेव्हा ते माझ्या कानाशी म्हणाले, "देवेंद्र, शून्यसुद्धा सामाईक आहे."

"काय?"

"मी शून्य टाकलं की ते पलासियाला एकट्याला जात नाही. सगळीकडे जातं. चाळीसही लिफ्टांच्या बोर्डांवर."

"जाऊ दे की. बाहेरचे बोर्ड आज बघतंय कोण?"

"आतलाही असतो ना. बटणांच्या वर. एकाच वायरवर आहे." मग थांबून म्हणाले, "आणि आमच्याकडचा मी मराठीत केलाय. आईला वाचता यावा म्हणून."

ती बाई त्या डब्यात एकटी, लाल बटण दाबतेय, आणि दर वेळी तिच्या डोळ्यांसमोर उत्तर येतंय, आत कोणी नाही. पुन्हा दाबतेय, पुन्हा तेच. पाठवतंय कोण, तर पोटचा मुलगा. "मीच लिहिलं," ते म्हणत होते, "दर वेळी मीच लिहिलं." मला वाटलं आता हा माणूस चालत्या बाईकवरून पडणार. मी त्यांचा हात ओढून माझ्या कमरेला घट्ट धरायला लावला.

इमारतीत चिटपाखरू नव्हतं. लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली होती. दर मजल्यावर बाहेरच्या बोर्डावर लाल अक्षरं, 'आत कोणी नाही'. कोरान्ने दारावर दोन्ही हात मारत ओरडले, "आई! आई गं!" आतून काही नाही. हूं नाही की चूं नाही. मी कान लावला. आतून कोणीतरी भिंत पुसल्यासारखा हलका आवाज येत होता, सर, सर.

मी धावत गच्चीवर मशीनरूममध्ये गेलो, ब्रेक सोडून हाताने चाक फिरवत लिफ्ट तिसऱ्या मजल्याला आणली, खाली येऊन तिकोनी चावी लावली आणि दार सरकवलं.

काकू जिवंत होत्या. आधी तेच बघितलं, आणि माझ्या तोंडून "सुटलो!" निघून गेलं. चांगली जरीची साडी नेसल्या होत्या, पायाशी गुलालाची वाटी, रिकामी. खाली जाऊन कोणाला तरी रंग लावायचा असेल बिचारीला. कोणाला, ते त्यांनाही ठाऊक नसेल. बटणावर गुलालाचा ठसा होता, एकावर एक, इतका जाड की लाल बटण दिसेना.

पण काकू आमच्याकडे बघत नव्हत्या. आमच्या लिफ्टांना मागच्या बाजूला आरसा असतो. त्या आरशावर त्या तळव्याने गुलाल फासत होत्या, सावकाश, खडूने लिहिलेला फळा पुसावा तसा. हात पोचेल तिथपर्यंत आरसा लालभडक झाला होता. थोडीशी जागा उरली होती, त्यात त्यांचा एक डोळा दिसत होता. आमच्यासमोर त्यांनी तोही पुसून टाकला.

"आई," कोरान्ने म्हणाले.

"अरे कृष्णा, बरं झालं आलास," काकू म्हणाल्या. आवाज अगदी नेहमीचा, वर्गातला. "इथे आरशात एक बाई होती. म्हातारी. सारखी माझ्याकडे टक लावून बघत होती. तू तर लिहिलंस आत कोणी नाही. मग ही कोण? म्हणून झाकून टाकली तिला."

"आई, चल बाहेर."

"कोणाला म्हणतोस चल?" त्या म्हणाल्या, आणि वर बोर्डाकडे बोट केलं.

कोरान्न्यांनी त्यांचा हात धरला. त्यांनी एवढ्या जोराने झटकला की ते भिंतीवर आदळले. मी पुढे झालो तर काकू किंचाळल्या. तसला आवाज मी माणसाच्या गळ्यातून कधी ऐकला नव्हता. लिफ्टच्या कठड्याला त्यांनी दोन्ही हातांनी मिठी मारली. आम्ही दोघं मागे सरलो. त्या लगेच शांत झाल्या, आणि बोर्ड वाचत उभ्या राहिल्या. मला रडू फुटलं. सांगायला लाज कसली, फुटलं.

कोरान्ने तिथेच दारात, जमिनीवर मांडी घालून बसले. बॅगेतून लॅपटॉप काढला. काळा पडदा, हिरवी अक्षरं. मी विचारलं, काय करताय? म्हणाले, "ती वाचूनच बाहेर येईल." एकट्या राऊला पाठवायची सोय त्यांनी कधी केलीच नव्हती. डबी एकच होती. त्यांनी तिच्यात सात टाकला.

त्या क्षणी अख्ख्या इंदूरच्या बंद इमारतींत, रिकाम्या हॉटेलांत, पलासियाला मी मेन पाडून ठेवलेली एक सोडून प्रत्येक मोकळ्या लिफ्टमध्ये लाल अक्षरं पेटली असतील, 'अंदर कोई है'. बघायला कुठे कोणी नव्हतं. इथे, आमच्या डोक्यावर, मराठीत आलं, 'आत कोणी आहे'.

काकूंनी मान वर केली. गुलालाने भरलेलं बोट हवेत धरून एकेक अक्षराखालून फिरवलं. ओठ हलत होते. पूर्ण वाचून झाल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जरा जीव आला. कठडा सुटला.

"आहे म्हणे कोणीतरी," त्या म्हणाल्या. मग मुलाकडे वळून, कुतूहलाने, "कोण रे?"

"तू, आई," कोरान्ने म्हणाले. हात पुढे करून बसले होते. "तू आहेस गं आत. कुमुदिनी कोरान्ने. माझी आई."

काकूंनी बोर्ड पुन्हा वाचला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग मान हलवली.

"तसं लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या.